फेस कोणाचा

लिव्हिंग्स्टन
९ ऑगस्ट १९८३

बो नालुकुई,

एरवी मी तुला नुसतं नालुकुई म्हणते आणि आज मानाचं 'बो' लावलंय, म्हणजे हिचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय, असं तू म्हणशील. अडलंय खरंच. आधी खुशाली सांगते. मी बरी आहे. आत्याचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे.

आता काम. मी नदीच्या पाहणीच्या कचेरीत चित्रं काढते हे तुला माहीत आहे. साहेबांनी एक मोठा तक्ता करायचं ठरवलंय. लुकुलूपासून सेशेकेपर्यंत प्रत्येक धक्क्यावर तो टांगायचा. त्यावर आपल्या नदीतले सहा शिकारी मासे, म्हणजे दुसऱ्या माशांना खाऊन जगणारे. चित्र माझं, नावं आपल्या लोझी भाषेतली, आणि खाली दोन-दोन ओळी: नावेत बसल्या बसल्या तो कसा ओळखायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, तेव्हा पहारेकरी आणि कोळी यांची रोज भांडणं होतात. हा म्हणतो मी अमुक मासा मारला, तो म्हणतो तमुक. तक्ता टांगला की तंटा मिटेल असं साहेबांना वाटतं.

साहेबांचं नाव चिशिम्बा. ते उत्तरेकडचे, सरोवराच्या काठचे. आपल्या नदीतला एक मासा त्यांना ओळखता येत नाही, पण शिकायची हौस दांडगी. ते म्हणाले, पुस्तकातलं नको, नदीवर जन्म काढलेल्या माणसाला विचार. मी लगेच तुझं नाव सांगितलं.

बाकीचे चार मासे इथल्या बाजारात बघून काढेन, तू मला दोन गोष्टी सांग. न्ग्वेशी आणि मुलुमेसी हे दोघे पाण्यात असताना वेगळे कसे ओळखायचे? आणि गवतात पाण्यावर जो पांढरा फेस तरंगतो, ज्यात अंडी असतात, तो कोणाचा? त्या फेसाखाली भाला मारू नका असं तक्त्यावर लिहायचंय. मी सातव्या वर्षी नांगुला सोडलं, माझ्या डोक्यात सगळ्याचा काला झालाय.

माझी नोकरी अजून तीन-तीन महिन्यांच्या कागदावर आहे. तक्ता चांगला झाला तर मला कायम करतील.

तुझी धाकटी,
सेपिसो

•

नांगुला, सेनांगाच्या खाली
३० ऑगस्ट १९८३

सेपिसो,

पत्र मिळालं. सिमाटाच्या मोटारबोटीतून आलं, वरून तेल सांडलेलं. वाचता आलं.

आत्याला म्हणावं, गुडघ्यांना मगरीची चरबी लाव.

तुझ्या कामाबद्दल सांगायचं तर मला हसू आलं. चौथीनंतर माझी पाटी सुटली. तू मात्र आत्याकडे राहून शाळा शिकलीस, रंग शिकलीस, पांढरे मोजे घातलेस. आणि इतकं शिकून झाल्यावर आता विचारतेस, नालुकुई, न्ग्वेशी कसा ओळखायचा? म्हणजे नदीत उन्हातान्हात डोळे फोडायचे मी, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या तू. वर तक्त्यावर कौतुक कोणाचं, तर चित्र काढणारीचं.

इथे मला तक्ता लागत नाही. परवा सेनांगाच्या पलीकडून दोन माणसं वल्हवत आली. त्यांच्या जाळ्यातला मासा कोणीतरी अर्धा खाल्ला होता आणि दोघांची पैज लागली होती, एक म्हणे मगरीचं पिल्लू, दुसरा म्हणे पाणमांजर. मी उरलेलं अर्धं हातात घेतलं. कड कात्रीने कापल्यासारखी होती. न्ग्वेशी, मी म्हटलं, हातभर लांबीचा, आणि त्याचा पुढचा एक दात पडलाय. दोघे आल्या पावली परत गेले. म्हातारा अकाबोंडो म्हणतो, बाबा गेले पण बाबांचे डोळे नालुकुईच्या डोक्यात ठेवून गेले. एवढंच मला मिळालंय, आणि तेवढंही तुला हवंय.

तरी पण आत्या म्हणेल थोरलीने तोंड फिरवलं, म्हणून लिहिते. न्ग्वेशी उघड्या पाण्यात, धारेत. अंगावर लांबच लांब काळे पट्टे, शेपटीला लाल. तोंड मिटलं तरी दात बाहेर. तो दिसायच्या आधी त्याचं काम दिसतं: बारके मासे मूठभर दाणे उधळावे तसे पाण्याबाहेर उडतात. मुलुमेसी गवतात, काठीसारखा निश्चल. तोंड लांब, अंगावर डाग, डोळ्यापासून गालावर तीन काळ्या रेघा. पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ. एकदाच झेप घेतो आणि परत जागेवर येतो.

फेसाचं नंतर बघू. मला दळण आहे.

नालुकुई

•

लिव्हिंग्स्टन
१८ सप्टेंबर १९८३

नालुकुई,

तू सांगितलंस तसं काढलं आणि दोन्ही मासे कागदावर जिवंत झाले. सोबत मुलुमेसीचं कच्चं चित्र पाठवतेय, गालावरच्या तीन रेघा बघ. पक्कं चित्र साहेबांनी भिंतीला लावलं, लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. मग सगळ्या कचेरीला बोलावून म्हणाले, "या मुलीचे डोळे बघा, पुस्तकवाल्यांना वीस वर्षांत ह्या रेघा दिसल्या नाहीत." मला इतकी लाज वाटली. दुपारी सगळ्यांना त्यांनी कोंबडी खायला घातली, आणि मला ये-जा करायला कचेरीची सायकल मिळालीय. निळी आहे.

दात मी नीट मोजून काढले. सेनांगाहून कोणीतरी बर्फात घालून न्ग्वेशी आणला होता. काय जबडा आहे, बाई. रात्री स्वप्नात आला.

फेसाचं तेवढं राहिलंय. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मजकूर छापखान्यात द्यायचाय. दोनच ओळी पाठव.

सेपिसो

•

नांगुला
२ ऑक्टोबर १९८३

माझी लाडकी धाकटी,

तुझं पत्र वाचून सगळ्या घराला आनंद झाला. चित्र फार सुंदर आहे. निळी सायकल मिळाली हे तर छानच झालं, पाय दुखायचे थांबतील.

तुझं काम अडायला नको म्हणून लगेच लिहिते. गवतातला पांढरा फेस न्ग्वेशीचा. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर फेसाखाली राहून पहारा देतो. वरून बघितलं की हिरव्या पाण्यात त्याची लाल शेपटी हलताना दिसते. तो भुकेला असला तरी जागा सोडत नाही. हे आपल्या बाबांनी मला दाखवलं होतं, तेव्हा शंका घेऊ नकोस. असंच लिही.

तुझी थोरली,
नालुकुई

•

नांगुला
२ ऑक्टोबर १९८३

सिटालीचे बाबा,

लाकडाच्या गिरणीत कान सांभाळा, कापूस घालून ठेवा. मुलं बरी आहेत. छपराची एक बाजू वाळवीने खाल्लीय, तुम्ही याल तेव्हा बघा.

आज मी एक गोष्ट केली. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सेपिसोला मी फेस न्ग्वेशीचा आहे म्हणून लिहून पाठवलं.

हसू नका. आणि कपाळालाही हात लावू नका. तिने काय लिहिलं होतं ते ऐका. गालावरच्या तीन रेघा मी सांगितल्या. माझ्या. बाबांनी मला दाखवलेल्या, भर उन्हात, मान मोडेपर्यंत वाकून. आणि साहेब म्हणतो या मुलीचे डोळे बघा. तिने त्याला सांगितलं का, की साहेब, डोळे माझे नाहीत, माझ्या बहिणीचे आहेत? ते काही पत्रात नाही. पत्रात कोंबडी आहे, सायकल आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सायकल निळी आहे हे मला कशाला कळवायचं?

आता तक्ता टांगला जाऊ दे. लुकुलूपासून सेशेकेपर्यंत शेंबडं पोर जरी आलं तरी हसेल, की फेस मुलुमेसीचा असतो एवढंही या शिकलेल्या बाईला कळत नाही. तिचा साहेब उत्तरेचा, त्याला पत्ता लागणार नाही. धक्क्यावर मात्र लागेल. मग लोक म्हणतील, बापाने शाळेत घातली ती वाया गेली, खरी हुशार घरी राहिली ती.

मला वाईट वाटत नाहीये. थोडं वाटतंय, पण ते बहुतेक उपाशी असल्यामुळे.

तुमची,
नालुकुई

•

मुलोबेझी
१९ ऑक्टोबर १९८३

सिटालीच्या आई,

कानात कापूस घातलाय. तरीही तुझं पत्र ऐकू आलं.

तुझं पत्र मी खोलीतल्या दोघांना वाचून दाखवलं नाही, नुसतं विचारलं, फेस कोणाचा? दोघे एकदम मुलुमेसी म्हणाले, आणि विचारायला लागले की मला ताप तर नाही ना. तेव्हा तुझा बाण बरोबर लागणार यात शंका नाही. फक्त कोणाला लागणार ते बघ. तिचं नाव वेगळं आणि तुझं वेगळं असं तुला वाटतं. लोक म्हणणार, त्या नांगुलाच्या घरातली. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुझ्या धाकटीने साहेबाला तुझ्याबद्दल काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही, आणि सांगितलं नाही हेही ठाऊक नाही. पत्रात नाही म्हणजे जगात नाही असं होत नाही. मी तुझ्यावर जीव टाकतो हेही मी पत्रात कधी लिहीत नाही.

लगेच खरं लिहून मोकळी हो. छपराचं बघतो.

लिस्वानिसो

•

लिव्हिंग्स्टन
२८ ऑक्टोबर १९८३

बो नालुकुई,

तक्ता छापखान्यात गेला. तीनशे प्रती निघतील, कापड लावलेल्या, पावसात टिकणाऱ्या. महिना तरी लागेल म्हणतात.

एक आनंदाची गोष्ट सांगते. साहेब म्हणाले, माहिती देणाऱ्या माणसाचं नाव तक्त्यावर हवंच. मी म्हटलं, मग माझं नको, एकट्या बहिणीचंच घाला. तक्त्याच्या अगदी मथळ्याखाली जाड अक्षरात छापलं जाईल: "हे सर्व सांगणारी: बो नालुकुई, नांगुला." माझं नाव कुठेही नाही.

फेसाच्या ओळी तू लिहिल्यास तशाच घातल्यात. एक शब्द बदलला नाही. पहिला तक्ता तुमच्याच धक्क्यावर टांगायचा असं मी सांगितलंय.

सेपिसो

•

नांगुला
७ नोव्हेंबर १९८३

सेपिसो,

हे पत्र मी सिमाटाच्या हातात देणार नाही. स्वतः सेनांगाला वल्हवत जाऊन पोस्टात टाकणार आहे, म्हणजे लवकर पोचेल.

छपाई थांबव. फेसाच्या ओळीत चूक झाली. त्या दिवशी घरात पाहुणे होते, चुलीवर माशाचं कालवण उतू जात होतं, मुलं भांडत होती, आणि घाईत माझ्या हातून दोन नावं उलटी लिहिली गेली. न्ग्वेशीच्या जागी मुलुमेसी असं कर, लाल शेपटीची ओळ काढून टाक. एवढंच. हात चुकला, दुसरं काही नाही. माणसाचा हात चुकतो.

साहेबांना सांग की नालुकुईची तब्येत बरी नव्हती. वाटल्यास सांग की ताप होता. पण हे छापू नका. इथे धक्क्यावर मला सगळे ओळखतात.

तू माझं नाव घातलंस, एकटीचं घातलंस, हे मी तीनदा वाचलं. तीनदा मला वाटलं की जाऊन नदीत बसावं.

उत्तर लगेच पाठव.

नालुकुई

•

लिव्हिंग्स्टन
४ डिसेंबर १९८३

नालुकुई,

तक्ता एव्हाना तुमच्या धक्क्यावर लागला असेल. तुझं पत्र मला १४ नोव्हेंबरला मिळालं. छपाई तेव्हा सुरूही झाली नव्हती. छापखाना माझ्या कचेरीपासून सायकलवर दहा मिनिटं आहे. मी गेले नाही.

आता खरं लिहिते, आणि बसून वाच.

फेस कोणाचा ते मला माहीत होतं. मी गाव सोडायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला एकटीला नावेत घेतलं. तू त्या दिवशी आजीकडे गेली होतीस. गवतात नाव थांबवून त्यांनी माझा हात धरला आणि फेसात घातला. गार होता, साबणासारखा नव्हता, लाळेसारखा चिकट. बारीक अंडी बोटांना चिकटली. आणि खालून मुलुमेसीने माझ्या करंगळीचा चावा घेतला. बाबा म्हणाले, "बघ, बाप आहे तो. सोडणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत्याकडे सोडलं. करंगळीवर व्रण अजून आहे. तेव्हा ते मला विसरता येणार नाही हे तुझ्या लक्षात येईल.

मग विचारलं कशाला? साहेबांना मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की नदी माझ्या बहिणीला कळते, मला नुसतं चित्र कळतं. त्या तीन रेघांचं कौतुक झालं तेव्हाही मी म्हटलं होतं, डोळे तिचे आहेत. ते तुला लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ठाऊक नाही. सायकलचं लिहिलं. तुला थोडं टोचावं असं वाटलं असेल. पण तक्त्यावर तुझं नाव यावं हे मनापासून वाटत होतं, आणि त्याबरोबर हेही बघायचं होतं की जे मला माहीत आहे ते तू मला खरं सांगतेस का. आजवर तू माझ्याशी बोलतेस त्यातलं किती खरं हे मला कधी कळलं नाही.

तुझं लाडकी धाकटी वालं पत्र आलं, तेव्हा मी दिवसभर रडले. दुसऱ्या दिवशी रडू थांबलं आणि राग आला. मग मी तुझं नाव एकटीचं, जाड अक्षरात टाकलं.

तुझं छपाई थांबव म्हणणारं पत्र मी दारातच फाडून उघडलं. त्यात खरं असतं ना, नालुकुई, एक ओळ जरी असती, की सेपिसो, मी जळले म्हणून असं केलं, तर मी सायकलवर बसून छापखान्यात धावले असते. त्यात पाहुणे होते आणि कालवण होतं.

तू म्हणतेस शाळा मला मिळाली. मीही तुझ्यावर जळते, सातव्या वर्षापासून. तुला बाबा मिळाले, ते जाईपर्यंत. मला आत्याचं स्वयंपाकघर मिळालं आणि पांढरे मोजे. ते मोजे मी रोज धुवायचे, दुसरा जोड नव्हता.

साहेबांना मी काल सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. मग म्हणाले, नवा तक्ता कर, पुढचे तीन महिने पुन्हा कागदावर. कायमचं काही आता बोलायला नको. सायकल ठेवून घेतली. तक्त्यावर एक तर दोघींची नावं टाका, नाही तर एकीचंही नको, असं त्यांचं म्हणणं आहे. तुझं काय ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

सेपिसो

•

नांगुला
२६ डिसेंबर १९८३

सेपिसो,

बसून वाचलं. मग उठून पुन्हा उभ्याने वाचलं.

इथे काय झालं ते सगळं सांगते, यात पाहुणे नाहीत आणि कालवण नाही. तक्ता ३० नोव्हेंबरला लागला. पहारेकऱ्याने ठोकला, म्हाताऱ्या अकाबोंडोने मोठ्याने वाचला, आणि फेसाच्या ओळीशी येऊन थांबला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मगर अंडी उबवते असंही लिहिलं असेल खाली कुठेतरी." संध्याकाळपर्यंत पोरं तोंडाला साबणाचा फेस लावून माझ्या मागून फिरत होती. मला न्ग्वेशीची बायको म्हणायला लागली.

मी काय केलं सांगू? मी म्हटलं, शहरातल्या पोरीने उलटं लिहिलं. मी बरोबर पाठवलं होतं. लगेच सगळ्यांना पटलं. बिचारी नालुकुई, शिकलेल्यांनी तिचं नाव खराब केलं. शेजारणीने मला दही आणून दिलं. मी ते खाल्लं, सेपिसो. अठरा दिवस मी लोकांची कीव खाऊन राहिले आणि मला झोप छान लागत होती.

मग १८ तारखेला तुझं पत्र आलं.

दुसऱ्या दिवशी बोटीचा दिवस होता, धक्क्यावर चाळीसेक माणसं होती. मी तक्त्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "फेसाचं खोटं मी लिहून पाठवलं. माझ्या बहिणीला खरं माहीत होतं. तिचं कौतुक झालेलं मला बघवलं नाही, म्हणून मी केलं." सिमाटाने ऐकायला इंजिन बंद केलं. अकाबोंडो तक्त्याजवळ आला आणि म्हणाला, "बघवलं नाही म्हणून मासा बदलायचा होय?" मग सगळे हसले. दही देणारी हसली नाही. तिने भांडं परत मागितलं.

अजूनही लोक मासे घेऊन येतात. पण मी नाव सांगितलं की म्हणतात, नक्की ना? पूर्वी कोणी म्हणायचं नाही. आता घरातलं धाकटं पोरसुद्धा विचारतं, नक्की ना? हे किती दिवस चालेल ठाऊक नाही, बहुतेक मी मरेपर्यंत. ते माझं मी बघेन.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती लिहायला मला तीन दिवस लागले, म्हणजे ती खरी असणार. बाबांनी मला नावेत ठेवलं ते मी लाडकी होते म्हणून नाही. वल्हं धरायला दुसरं कोणी नव्हतं. ते फारसं बोलायचेही नाहीत. मासा दाखवायचे, मी चुकले तर पाणी उडवायचे. आणि तू गेल्यापासून गवतात कुठे फेस दिसला की ते नाव लांबून वळवून न्यायचे. कितीही मोठा वळसा पडला तरी. मी समजायचे की पिल्लांवर दया करतात. फेसाजवळ त्यांनी मला एकदाही नेलं नाही. फेस कोणाचा हे मला त्यांनी दाखवलं असं मी तुला लिहिलं होतं, तेही खोटंच होतं. मी ते गावातल्या पोरांकडून शिकले. तुझ्या करंगळीचं वाचलं तेव्हा मला कळलं की ते तिकडे का बघत नव्हते.

हे कळून तुला आनंद होईल. होऊ दे. मला झाला नाही.

तुझ्या साहेबांना वेगळं पत्र लिहिलंय, सोबत आहे. त्यात सगळा दोष माझा लिहिलाय आणि त्यात एकही शब्द बदलू नकोस. तुला कायम केलं नाही तर मी स्वतः येऊन त्यांच्या पायरीवर बसेन, हेही लिहिलंय. उरलेल्या चार माशांच्या खुणा दुसऱ्या कागदावर आहेत, मला येतात तेवढ्या सगळ्या. त्यातल्या दोन मी आजवर कोणाला सांगितल्या नव्हत्या. नवऱ्यालाही नाही.

नव्या तक्त्यावर दोघींची नावं घाल. माझं वर घाल. मी थोरली आहे म्हणून नव्हे, तुझ्या नावाखाली माझं नाव रोज धक्क्यावर बघणं मला सोसणार नाही म्हणून. आणि तुझ्यापेक्षा माझं अक्षर थोडं मोठं काढ. फार नको, लोकांच्या लक्षात येणार नाही इतकंच. माझ्या येईल.

नालुकुई